दोऱ्याचं अलीकडचं टोक

गुरुवार, संध्याकाळ. कोथरूड

उद्यापासून चार दिवस मामाबरोबर गळ टाकायला जायचं आहे. दोन दिवस पानशेत-वरसगाव, मग सोलापूर रस्त्याने भिगवण. फेब्रुवारीचा शेवटचा आठवडा, सकाळी गारवा आणि दुपारी चटका. धरणं उतरायला लागलेली असतात, काठ उघडे पडतात आणि बसायला जागा मिळते. जिथे जाणार तिथल्या मच्छीमार सोसायट्यांना मामाने आधीच फोन करून परवानगी घेतली आहे. जलाशयातली मासेमारी त्यांच्याकडे ठेक्याने असते, तेव्हा विचारल्याशिवाय काठावर बसायचं नाही हा त्याचा नियम.

स्वयंपाकघरात आमिष मळलं. कणीक, शेंगदाण्याची पेंड, थोडी हळद, थोडा गूळ. गोळा पाण्यात वीस मिनिटं टिकला पाहिजे, पण माशाच्या तोंडात लगेच फुटला पाहिजे. वाटीभर पाण्यात एक गोळी टाकून घड्याळ लावलं.

मग वही काढली. अकरा वर्षांपूर्वी मामाने सांगितलं म्हणून सुरू केली होती. वेळ, हवा, वारा, पाण्याचा रंग, आमिष, मासा असे रकाने आहेत. तीन वर्षांपूर्वी मी त्यात आणखी एक रकाना आखला : ‘मन’. बसण्याआधीच भरायचा, मासा मिळाल्यावर नाही, कारण मासा मिळाल्यावर प्रत्येकाचंच मन प्रसन्न असतं. मोजदाद कधी केली नाही, पण जुनी पानं चाळली की काहीतरी दिसतं. ‘घाई’, ‘चिडचिड’, ‘झोप नाही’ असं लिहिलेल्या दिवशी मासा आलाच नाही असं नाही. त्या दिवशी मासे सुटलेले जास्त आहेत. गळापर्यंत येऊन गेलेले. हे मला बरेच दिवस छळतं आहे, आणि या चार दिवसांत त्याकडे नीट बघायचं ठरवलं आहे.

शुक्रवार. पानशेत

सकाळी साडेपाचला सिंहगड रस्त्याने निघालो. खडकवासल्याला पाण्यावर धुकं होतं. पुढे पाणी उजवीकडे सोबत करत राहतं. पानशेत पुण्यापासून साधारण ४० किलोमीटर.

हा रस्ता मामा मुकाट्याने चालवतो. १२ जुलै १९६१ला पानशेत फुटलं तेव्हा तो सहा वर्षांचा होता, घर नारायण पेठेत. धरण पहिल्यांदाच भरत होतं. ते गेलं आणि त्या लोंढ्याने खालचं खडकवासलाही गेलं. आजोबांनी त्याला खांद्यावर घेऊन शनिवारवाड्याच्या बाजूला नेलं होतं. त्या पाण्याचा रंग त्याला अजून आठवतो. त्याच पाण्याच्या काठावर तो गेली चाळीस वर्षं येऊन बसतो. याबद्दल मी त्याला कधी खोदून विचारलं नाही. मात्र पाण्याजवळ त्याच्याइतका स्थिर बसणारा माणूस मी दुसरा पाहिलेला नाही.

साडेसातला बसलो. वहीत लिहिलं : ‘मन – ठीक’. ते खरं नव्हतं. आदल्या दिवशी कचेरीत एका सहकाऱ्याशी माझं चांगलंच वाजलं होतं. त्याला काय काय उत्तरं द्यायला हवी होती ती मी डोक्यात अजून जुळवत होते.

नऊच्या सुमाराला दोऱ्यावरचं तरंगतं बूच थरथरलं. मी झटका दिला. रिकामा गळ. दहा मिनिटांनी पुन्हा थरथरलं, पुन्हा झटका, पुन्हा रिकामा. तिसऱ्यांदा तर बूच नुसतं कलंडलं होतं, आणि मी काठी अशी खेचली की शिसं मागच्या झुडपात जाऊन अडकलं.

रोहू आमिष कसं घेतो ते मला पाठ आहे. त्याचं तोंड खालच्या अंगाला, ओठ झालरीसारखे. तो गोळा आधी ओठांनी चाचपतो, ओढून घेतो, थुंकतो, पुन्हा घेतो. तेवढा वेळ बूच नाचत राहतं. पटलं की तो तोंड मिटून चालायला लागतो आणि बूच तिरकं होऊन सरकत सरकत बुडतं. झटका द्यायचा तो तेव्हा. आधी दिला तर गळ उघड्या तोंडातून नुसता बाहेर येतो. हे सगळं मी दुसऱ्या कुणालाही समजावून सांगू शकते. त्या सकाळी ते ज्ञान माझ्या मनगटापर्यंत पोचतच नव्हतं.

मामाने झुडपातून शिसं सोडवून आणलं. म्हणाला, “अगं, तुझा हात अजून कचेरीतच आहे.”

“मामा, मी बुचाकडेच बघतेय.”

“बघतेयस गं. पण तुला कुणाला तरी झटका द्यायचाच आहे. बूच हललं ते निमित्त.”

मला ते लागलं, कारण खरं होतं. राग आलेल्या माणसाचं शरीर आधीच ताणलेलं असतं, हात उत्तर द्यायला टपलेला असतो. रोहूला नेमका उलटा हात लागतो, तीन-चार सेकंद काहीच न करणारा. मामाने एक साधा उपाय सांगितला : काठी टेकूवर ठेव, हात मांडीवर ठेव, आणि बूच हललं की मनात तुझ्या सगळ्या मावशींची नावं घे. चार मावश्या आहेत. चौथीचं नाव होईपर्यंत काठीला हात लावायचा नाही.

दुपारपर्यंत पाण्याने पुन्हा संधी दिली नाही. संध्याकाळी एक छोटा मृगळ मिळाला, वीतभर. तिसऱ्या मावशीलाच बूच बुडालं होतं, तरी चौथीचं नाव घेतलंच. ओल्या हाताने सोडवून परत सोडला. वहीतलं ‘ठीक’ खोडून खरं काय ते लिहिलं.

शनिवार. वरसगाव

पानशेतहून वरसगाव अगदी लगतच. आंबीवर पानशेत, मोशीवर वरसगाव. या खोऱ्यांची गंमत अशी की माशांच्या शास्त्रातही त्यांचं नाव कोरलेलं आहे. विल्यम हेन्री साइक्स या इंग्रज अधिकाऱ्याने १८३९मध्ये दख्खनच्या माशांची वर्णनं केली, तेव्हा पुण्याच्या मुळा-मुठेतल्या महासीरला त्याने जे नाव दिलं ते आपल्याच लोकांच्या तोंडचं होतं : खुद्री. आजही जगभर तो ‘टॉर खुद्री’ आहे. कोळशी माशाचं ‘कोलस’ हेही त्याचंच. कुणा भोयाने टोपलीतला मासा उचलून नाव सांगितलं असेल आणि साहेबाने लिहून घेतलं असेल. त्या भोयाचं नाव कुठे नाही, याची मला दर वेळी हळहळ वाटते.

ज्यांच्या परवानगीने आम्ही बसलो होतो ते सोसायटीचे काका सकाळीच जाळी काढून आले. सत्तरीचे, पायात काही नाही. मी तिवई आणि डबे घेऊन उतारावरून येत होते, वाटेत एक दगड सुटून गडगडत पाण्यापर्यंत गेला. काका लांबूनच म्हणाले, “ताई, आता अर्धा तास चहा प्या.”

“का हो काका?”

“तुम्ही आल्याचं त्यांना कळलं.”

त्यांनी हे अनुभवाने सांगितलं, पण त्यामागे शरीररचना आहे. माशाच्या दोन्ही कुशींवरून डोक्यापासून शेपटीपर्यंत एक रेषा जाते. तिच्यातली संवेदनाग्रं पाण्याची बारीकशी हालचालही टिपतात. शिवाय रोहू, कटला, मृगळ, महासीर, शिंगटा या सगळ्यांत हवेच्या पिशवीपासून आतल्या कानापर्यंत इवल्याशा हाडांची साखळी असते. वेबर नावाच्या शास्त्रज्ञाने ती दाखवली म्हणून ती वेबरची हाडं. पिशवी ढोलासारखी थरथरते आणि हाडं तो थरथराट कानाला पोचवतात. त्यात पाण्यात आवाज हवेपेक्षा चौपटीहून जास्त वेगाने जातो. उतावीळ माणूस पाय आपटत चालतो, डबा दाणकन ठेवतो, दर पाच मिनिटांनी उठून जागा बदलतो. त्याला वाटतं, आपण एकटेच आहोत, कुणाला काय कळतंय. पण मासा त्याची प्रत्येक येरझार ऐकत असतो.

काकांनी मला बसायची जागाही बदलायला लावली. मी कड्यावर उभी होते, त्यांनी खाली, झुडपाच्या पुढ्यात बसवलं. पाण्यातून वर बघताना माशाला बाहेरचं सगळं जग डोक्यावरच्या एका गोल खिडकीत गोळा झालेलं दिसतं. खिडकीच्या कडेशी, अगदी जमिनीलगत जे असतं ते चेपलेलं आणि पुसट दिसतं. बसलेला माणूस त्या पुसट पट्ट्यात जातो, उभा माणूस आभाळावर कोरल्यासारखा दिसतो. जावे त्याच्या वंशा तेव्हा कळे, एवढंच मामा म्हणाला.

अकरा वाजता सहलीला आलेली एक टोळी शंभर पावलांवर उतरली. स्पीकर, गाणी, आरडाओरडा. माझ्या कपाळाची शीर उडायला लागली. दोन तास जपलेली शांतता गेली, मासे आता पार पलीकडच्या काठाला गेले असणार, असं म्हणत मी दोरा गुंडाळायला घेतला.

“काय करताय ताई?”

“काका, ऐकू येत नाही का? या आवाजात कुठला मासा थांबतोय?”

“गाणं तुमच्यासाठी आहे. त्यांना पाय कळतात, गाणं नाही.”

मी थबकले. हे मला माहीत असायला हवं होतं. हवेतला आवाज पाण्याच्या पृष्ठभागावर आपटून बहुतेक सगळा परतच फिरतो, आत जातो तो अगदी थोडा. दगड गडगडला तर ती थरथर जमिनीतून थेट पाण्यात उतरते. म्हणजे सकाळी माझ्या पायाने जो दगड सुटला, तो या सगळ्या गाण्यांहून वाईट होता. आणि मी माझा राग माशाच्या तोंडी घालून, त्याच्या नावाने उठून चालले होते.

पुन्हा गळ टाकला. राग गेला नव्हता, अजिबात नाही. वहीत लिहिलं : ‘मन – संतापलेलं’. बूच बघायचं आणि हात मांडीवर ठेवायचा, एवढंच ठरवलं. पाऊण तासाने, एक भयंकर गाणं तिसऱ्यांदा वाजत असताना, बूच थरथरलं. पहिली मावशी. दुसरी. बूच उभं राहिलं. तिसरी. मग ते तिरकं होऊन डावीकडे निघालं, संथ, कुणीतरी हाताला धरून नेल्यासारखं. चौथी. झटका.

रीळ किर्रर्र करत सुटलं. रोहू आधी खोल गेला, मग काठाकाठाने पळाला. मामा उठला नाही, नुसतं “दोरा सैल पडू देऊ नकोस” म्हणाला. बारा-तेरा मिनिटांनी जाळीत आला. अडीच किलो भरला. ताज्या रोहूच्या खवल्यांवर तांबूस झाक असते, ती उन्हात बघावी. सहलीवाल्यांतली दोन मुलं धावत येऊन बघून गेली.

हा मासा मला बाकी सगळ्यांपेक्षा जास्त विचार करायला लावतो आहे. मन शांत असलं की मासा मिळतो, असं लोक म्हणतात. माझं मन शांत नव्हतं. मासा माझ्या मनातलं ओळखत नाही, त्याच्यापर्यंत फक्त माझे हातपाय पोचतात. राग असूनही हातपाय जागेवर राहिले, गळ पाण्यात राहिला, म्हणून तो मिळाला. आणि विश्वासाचं कामही मला तिथेच दिसतं. ‘इथे मासा आहे’ असं ज्याला वाटतं तो बुचावरची नजर काढत नाही, आमिष वेळेवर बदलतो, आणखी तासभर बसतो. ‘इथे काही नाही’ वाटणारा मोबाइल काढतो. दोघांच्या पुढचं पाणी एकच असतं. तासाभराने ते एक राहत नाही.

रोहू काकांच्या घरी दिला. त्यांच्या सुनेने त्याचंच कालवण केलं, तांदळाची भाकरी केली. काकांनी मला काट्यातून मांस कसं सोडवायचं ते लहान मुलाला शिकवावं तसं शिकवलं.

रविवार. भिगवण

पहाटे पुण्यात परत, आणि तसेच पुढे. हडपसर, उरुळी कांचन, यवत, चौफुल्याला चहा, पाटस, कुरकुंभ. शंभरेक किलोमीटर. उजनीचं पाणी डोंगरातल्या धरणांसारखं नाही. भीमेचं हे पसरलेलं, उथळ, गढूळ पाणी, काठाला चिखल आणि ऊस. कुंभारगावच्या बाजूला रोहित पक्ष्यांची रांग पाण्यात मान घालून उभी होती. होड्यांमधून लोक त्यांचे फोटो काढत होते.

इथे चिलापीचं राज्य. मूळचा आफ्रिकेचा मासा, १९५२मध्ये भारतात आणला आणि इथल्या पाण्यात असा माजला की स्थानिक मासे मागे पडले. तो रोहूसारखा चाचपत बसत नाही, गांडूळ दिसलं की टोचतो. मावश्यांची नावं घ्यायला वेळच नाही. दीड तासात चौदा मासे. एका मादीच्या तोंडात अंडी होती. चिलापीची मादी अंडी तोंडात घेऊनच उबवते, आणि मला गळ काढताना ती पिवळी मोत्यांसारखी दिसली. तिला ताबडतोब सोडलं.

पाचवा मासा लागला तेव्हा मी टोपी उलटी केली होती. सहावाही लगेच लागला. मग मी टोपी सुलटी करेनाच. मामा त्यावर काही बोलला नाही. तो स्वतः पहिला मासा मिळेपर्यंत जेवणाचा डबा उघडत नाही. स्किनर या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १९४८मध्ये कबुतरांवर एक प्रयोग मांडला. ठरावीक वेळाने दाणे आपोआप पडायचे, कबुतर काय करतं याचा त्याच्याशी काही संबंध नव्हता. तरी दाणे पडताना जे कबुतर गिरकी घेत होतं ते गिरक्याच घ्यायला लागलं, जे मान हलवत होतं ते मान हलवत राहिलं. गळ टाकणाऱ्याची अवस्था अगदी तीच, कारण पाणी आपल्याला कधीच सांगत नाही की मासा नेमका कशामुळे आला. टोपीने अपाय काही नाही. उलट माणूस खुशीत बसून राहतो. अपाय होतो तो तिच्यावर भिस्त ठेवून खरी कामं सोडली की.

तेच झालं. चौदा मासे झाल्यावर मला वाटायला लागलं की आज आपला हात लागेल तिथे मासा आहे. मामा म्हणाला, दोरा तपास. चिलापीच्या पंखांचे काटे दोऱ्याला घासतात, दर पाच-सहा माशांनी शेवटचा वीतभर दोरा कापून गाठ नव्याने मारायची असते. मी म्हटलं, मारते. मारली नाही. साडेपाचला जे काही लागलं ते चिलापी नव्हतं. एकच जड ओढ, काठी पार वाकली, आणि मग टण्णकन आवाज. दोऱ्याचं टोक हातात घेतलं तर ते डुकराच्या शेपटीसारखं पिळवटलेलं. गाठच सुटून आली होती.

वहीत त्या दिवशीचा ‘मन’ रकाना उत्तम आहे : ‘आनंदी, खात्री’. शुक्रवारी संतापाने तीन मासे घालवले, आज खात्रीने एक मोठा घालवला. खात्रीचं हे दुसरं अंग मला याआधी कधी इतकं स्पष्ट दिसलं नव्हतं. खात्री बसायला लावते, आणि तीच खात्री तपासायचं सोडायलाही लावते. सगळ्यात वाईट म्हणजे तोंडात गळ अडकलेला एक मासा पाण्यात गेला, तो माझ्या आळसामुळे. रात्री लॉजवर मला त्याचीच टोचणी होती.

मामाने दिव्याखाली बसून गाठ मारून दाखवली, जशी मी दहा वर्षांची असताना दाखवली होती. सहा वेढे, टोक मागे घालायचं, थुंकीने ओलं करायचं आणि मग सावकाश आवळायचं. कोरडं आवळलं तर घर्षणाने दोरा तापतो आणि तिथेच कमजोर होतो. मी बारा गाठी मारल्या. त्यातल्या दोन त्याने ओढून तोडल्या.

सोमवार. डिकसळच्या बाजूला

सव्वासहाला बसलो. दुपारी मामाची डॉक्टरांची वेळ होती, म्हणून साडेनऊला उठायचं होतं. रात्री थंडी चांगली पडली होती, पाण्यात हात घातला तर बोटं आखडली. वारा आमच्याकडून पलीकडे वाहत होता. वाऱ्याने वरचं कोमट पाणी आणि त्यातलं खाद्य समोरच्या काठाला लोटलं जातं, हे कळत होतं. पण तिकडे जायला होडी नव्हती.

चार दिवसांत माझं मन इतकं स्वच्छ कधीच नव्हतं. मोबाइल गाडीत होता. पावलं हळू टाकली, खाली बसले, गाठ ओली करून मारली, हात मांडीवर. बूच आरशावर ठेवल्यासारखं उभं. सातला रोहित पक्ष्यांचा थवा उठला आणि पंखांखालचा गुलाबी रंग पाण्यात उलटा दिसला, तेव्हाही मी बुचावरची नजर फक्त क्षणभर काढली. आठ वाजले. नऊ वाजले. एकदाही थरथर नाही. मामाच्या काठीलाही नाही.

तरी मी कंटाळले नाही, आणि जागा बदलावीशीही वाटली नाही. का मिळत नाही ते समोर दिसत होतं : गार पाणी, उलटा वारा, थोडका वेळ. याआधी अशा सकाळी मी आमिषाला दोष दिला आहे, जागेला दिला आहे, स्वतःच्या नशिबाला तर नेहमीच. माशाचं रक्त पाण्याइतकंच गार असतं. पाणी तापल्याशिवाय त्याला भूक नसते, आणि माझ्या मनःस्थितीने पाणी अर्ध्या अंशानेही तापत नाही.

साडेनऊला दोरे गुंडाळले. धक्क्यावर रात्रीची जाळी उतरत होती, पाट्या भरभरून. मामाने मामीसाठी एक मृगळ घेतला. विकणाऱ्या मावशींनी त्याला विचारलं, “दादा, काठीला काय लागलं?”

“आज नाही,” मामा म्हणाला.

“ऊन चढल्यावर लागंल. थांबा की.”

गाडीत बसून वही भरली. ‘सोमवार. ६:१५ ते ९:३०. पाणी गार. वारा पूर्वेकडून, पाठीवर. मन – स्वच्छ. मासा – नाही. मार्चअखेर पुन्हा, समोरच्या काठावर, ऊन चढल्यावर. होडीसाठी आधी फोन करणे.’ काठीचे तुकडे सोडवताना गळाची गाठ बोटाने चाचपली. पक्की होती. ती तशीच राहू दिली.